सासरे, जावई आणि अडकलेला नट

माझी नोकरी लोकांना चालू कामावरून हाकलण्याची होती. अणुवीज केंद्रात कुणाच्या अंगावर किती किरणं पडली याकडे लक्ष ठेवायचं आणि त्याचा ठरलेला वाटा संपत आला की घंटा दाबायची. घंटा झाली की हातातला पाना तिथेच टाकून बाहेर यायचं. स्वभाव मुळात तापट, त्यामुळे हे काम मला बरं जमायचं. डोंबिवलीतली शेजारीण म्हणायची, "अगं, तुला घंटा कशाला हवी? तुझा आवाज पुरे आहे."

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. केंद्र दुरुस्तीसाठी बंद व्हायच्या आधी आमची तालीम ठाण्यात, कोपरीच्या एका वर्कशॉपमध्ये चालायची. तिथे पाइपावर एक जुना सेफ्टी व्हॉल्व बसवलेला होता. घरच्या कुकरला असतो त्याचाच हा दांडगा भाऊ. वाफेचा दाब फार चढला की याने उघडायचं. वेळेवर उघडेल की नाही, हे तो काढून तपासल्याशिवाय कळत नाही, आणि काढायचा तर माणूस किरणांत उभा करावा लागतो. आत कमी वेळ लागावा म्हणून हात इथे बसवून घ्यायचे.

त्या वर्षी फिटरची जोडी होती सासरा-जावयाची. सासरे बाळकुमचे कोळी, हात विजेसारखा. जावई कल्याणचा, कामाला चोख पण हळू. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जोडी लावली व्हॉल्व विभागाच्या इंजिनीयरने. "घरची माणसं आहेत मॅडम, भांडणार नाहीत," तो म्हणाला. मलाही ते पटलं. तालमीत सासरे "अहो जावईबापू, पाना द्या" असं अदबीने मागायचे आणि सगळं वर्कशॉप हसायचं. माझ्या घंटेला मात्र दोघंही लगेच बाहेर यायचे.

केंद्र बंद झालं. सगळे व्हॉल्व दर वेळी काढत नसत, पाळीपाळीने काही काढून तपासत. सासऱ्यांनी काढलेला पहिलाच व्हॉल्व तपासणीत उशिरा उघडला. असं झालं की शेजारचाही काढून बघायचा, हा नियम. पण सासऱ्यांचा वर्षाचा वाटा संपत आला होता.

"त्यांनाच पाठवा," इंजिनीयर म्हणाला. "जावयाला दुप्पट वेळ लागेल, म्हणजे किरणंही दुप्पट."

"आणि यांची मर्यादा ओलांडली तर?"

"उद्या दाब चढला आणि तो व्हॉल्व उघडलाच नाही तर सगळ्यांचीच ओलांडेल मॅडम!"

त्याचं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. शेवटी ठरलं: सासऱ्यांनी जमेल तेवढे नट सोडवायचे, घंटा झाली की निघायचं, उरलेलं जावयाने करायचं. सासऱ्यांनी मान डोलावली. जावई म्हणाला, "मॅडम, मीच जातो ना पहिला." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

काचेतून मी बघत होते. नट भराभर निघत होते. शेवटचा अडकला. मी घंटा दाबली. सासरे हलले नाहीत. परत दाबली. त्यांनी पान्यावर सगळा भार टाकला. मी माइकवर ओरडले, "काका, बाहेर या!" मघाशी माझ्याशी भांडणारा इंजिनीयरही काचेवर हात आपटू लागला. नट सुटला, व्हॉल्व उचलायच्या साखळीला लागला, तेव्हा कुठे ते वळले.

त्यांच्या खिशातला किरणं मोजायचा पेन मी उजेडाकडे धरला. रेघ मर्यादेच्या पुढे गेली होती. अशा वेळी माणसाला लगेच काही होत नाही. खोकला नाही, ताप नाही. पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि मला तेच सहन होत नसे.

"घंटा ऐकू आली नाही तुम्हाला?" मी जवळजवळ किंचाळले.

"आली ना बाय. पन तो नट ठेवून आलो असतो त जावयांना जायला लागलं असतं. पोरीला काय सांगू?"

तालमीत जावयाला किरणांत जावं लागण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिथे घंटेला मान होता. हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, इंजिनीयरच्याही नाही.

व्हॉल्व तपासणीच्या टेबलावर चढला. दाब वाढत गेला. हाही बिघडलेला निघाला असता तर पुढचा काढायला आता जावईच उरला होता. नेमक्या दाबाला व्हॉल्व फाडकन उघडला. ठणठणीत होता. इंजिनीयर खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

जावयाचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे हा काढला नसता तरी चाललं असतं?" त्याने मला विचारलं.

सासरे रुमालाने मान पुसत होते. "अवो जावईबापू," ते म्हणाले, "काढला म्हून तर कललं."

मी पुढे होऊन त्यांच्या छातीवरचा, आत जायला लागणारा बिल्ला काढून घेतला. त्या वर्षी ते पुन्हा आत जाणार नव्हते. त्यांना रागवायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं.