लहान खोलीतली एस्नाती

"...आणि मीठही तूच घातलंस ना रोज?" दोरोफेनं भाजीचं भांडं अंगणात पालथं केलं. भोपळ्याच्या पाल्याची, शेंगदाण्याचं कूट घातलेली सगळी भाजी मातीत गेली. "आठ दिवस अंगावरून जातंय आणि ही चुलीपाशी बसून मीठ घालतेय. जावई जेवलाय माझा. उद्या त्याच्या छातीत धरलं, खोकून खोकून वाळला, तर त्याच्या मामांना काय तोंड दाखवू?"

जावई कोंद्वानी ओसरीखाली सायकलची चेन बसवत होता. सासूशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून तो चेनीलाच म्हणाला, "छाती ठणठणीत आहे म्हणावं."

दोरोफेची मुलगी तिसुंगे भिंतीला टेकून बसली होती. पोटातलं नऊ आठवड्यांचं गेलं होतं. दिवस राहिल्याचंच तिनं आईला सांगितलं नव्हतं, मग गेल्याचं कोणत्या तोंडानं सांगणार? रक्त जात असताना बाईनं जेवणात मीठ घालायचं नाही, खाणाऱ्याला खोकला धरतो, अशी रीत; ती मीठ घालायची थांबली असती तर त्याच दिवशी घराला कळलं असतं. आज आईनं धुवायला ठेवलेल्या रक्ताच्या कापडाच्या घड्या बघितल्या.

एस्नाती, दोरोफेची धाकटी बहीण, दवाखान्याच्या निळ्या गणवेशातच दारात उभी होती. तिसुंगे आज सकाळी तिच्याकडेच, दवाखान्यात गेली होती. नर्सनं तपासून सांगितलं होतं, आत थोडं राहिलंय, उद्या सकाळी ये, काढून टाकू.

"दवाखाना नको," दोरोफे म्हणाली. "डोंगरापलीकडची म्हातारी औषधाची मुळी देते. ते लोक पिशवी खरवडतात, मग कूस कायमची रिकामी."

"खरवडत नाहीत, ताई."

"तू तिथली फरशी पुसतेस. डॉक्टरीण कधी झालीस?"

"फरशी पुसते म्हणूनच मला माहीत आहे तिथं किती रक्त सांडतं ते. फार नाही सांडत."

अकरा वर्षं एस्नाती तिथं आया होती. फरशी पुसता पुसता एकदा टेबलावरच्या बाईनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. तेव्हापासून पिशवी साफ करायच्या लहान खोलीत नर्स तिलाच हात धरायला बोलवायच्या. पूर्ण हात द्यायचा नाही, नुसती दोन बोटं द्यायची, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली. पूर्ण हाताचा चुरा होतो.

ती तिसुंगेजवळ खाली बसली.

"आधी दुखण्यावरची गोळी देतात. लघवी करून यायला सांगतात. मग टेबलावर पाय वर घ्यायचे. आत सुई टोचतात, ती चावते. नंतर एक बारीक नळी आणि हातानं ओढायची मोठी सिरिंज. पाच-दहा मिनिटं. पाळीत दुखतं त्याच्या दुप्पट दुखेल. शेवटी तर जास्तच, कारण पिशवी आवळते. ओरडलीस तरी कोणी रागावत नाही."

"जागी असेन मी?"

"जागीच."

"मग ते... दिसतं का, मावशी?"

"सगळं आलं का म्हणून नर्स बशीत बघते. तू मान वळवायची. माझ्याकडे बघायचं."

ती बशी नंतर कोण उचलतं, हे एस्नातीनं सांगितलं नाही.

"तासभर निजायचं, मग घरी. आठ-दहा दिवस थोडं थोडं जाईल. तासाला दोन घड्या भिजल्या, ताप आला, वास आला, तर असेल तशी उठून परत यायचं. जाणं थांबेपर्यंत नवऱ्याला लांब ठेवायचं."

कोंद्वानीनं नीट बसलेली चेन पुन्हा काढली.

"पुन्हा राहील?"

"राहतं. पुढच्या महिन्यातही राहू शकतं."

"हिला काय माहीत," दोरोफे म्हणाली. "हिची कूस कधी भरली होती?"

एस्नातीनं गणवेशाची घडी गुडघ्यावर सारखी केली. "दोनदा भरली होती," ती म्हणाली. "पहिल्या वेळी मीही कुणाला सांगितलं नाही. मीही मीठ घालत राहिले."

दोरोफे खाली बसली. एस्नातीचा नवरा योसेफे खोकून खोकून गेला, तेव्हा त्याच्या मयताला वडीलधाऱ्यांनी तिला हेच विचारलं होतं, मीठ घातलंस का, आणि एस्नाती नाही म्हणाली होती. माझी बहीण खोटं बोलत नाही, असं तेव्हा सगळ्यांसमोर उभं राहून दोरोफेच बोलली होती. पुढे डॉक्टरांनी क्षय होता म्हणून सांगितलं. एस्नातीला ते पटलं होतं. चारचौघांत असली की पटायचं. एकटी चुलीपाशी बसली की योसेफेचा खोकला ऐकू यायचा.

"आणि दुसऱ्या वेळी?" दोरोफेनं हळू विचारलं.

"दुसऱ्या वेळी मुळी घेतली. बारा दिवस ताप होता. त्यानंतर राहिलंच नाही."

कोंबड्या येऊन मातीतली भाजी टोचू लागल्या, त्यांना कोणी हाकललं नाही. तिसुंगे रडत होती. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

एस्नाती उठली.

"उद्या सहाला निघायचं. कोंद्वानी तिला सायकलवर आणेल, मी पुढे चालत जाते. ताई, तू घरी थांब आणि पेज करून ठेव. मी तिच्याबरोबर आत असेन. आणि कोणी विचारलं तर लपवायचं नाही. आमच्या मुलीचं मूल गेलं, म्हणून सांगायचं."