बर्फातली कामटी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे कामटीला खाच पाडली. रोजचंच काम. घराच्या मागे, आंब्याच्या सावलीत आमचा बर्फाचा खड्डा आहे. खड्ड्यात दोन लाद्या, भोवती हातभर भाताचं तूस, वर गोणपाट आणि त्यावर पेंढा. या सगळ्यातून बांबूची एक कामटी खाली गेलेली, तिचं टोक लादीवर टेकलेलं. खड्ड्याच्या तोंडावर आडवा दांडा. बर्फ झिजेल तशी कामटी खाली उतरते. रोज सकाळी ती दांड्याशी जिथं लागेल तिथं विळ्याने खाच पाडायची. दोन खाचांमधलं अंतर म्हणजे एका दिवसात गेलेला बर्फ. खड्डा उघडायची गरज नाही. ही युक्ती माझी नाही, बायकोची.

मी दांडा धरला, तिने खाच पाडली.

"बोटभर," ती म्हणाली. "कालच्याइतकाच गेला. अवो, बघताय ना?"

"बघतोय गो. आंधळा हाय काय मी?"

"मग तोंड कशाला पाडलंय? हरणार म्हणून?"

ती पाचवी खाच होती. आठ पाडायच्या होत्या. आमची पैज लागली होती.

माझा धंदा बर्फाचा. दुसऱ्या जर्मन लढाईच्या आधीपासून करतो. कल्याणहून गाडीने लाद्या आसनगाव स्टेशनावर उतरतात. त्या बैलगाडीत तुसात पुरून घरी आणायच्या आणि मग शहापूरच्या बाजारात, मुरबाडच्या बाजारात, लग्नसराईत कुणाच्या सरबताला पोचवायच्या. शाळा मी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलो. पण बर्फ कसा जातो हे मला पुस्तकातून शिकायची गरज पडली नाही. रस्त्यावर गाडीखालून पाण्याची धार लागली की आपोआप शिकतो माणूस.

उन्हाळ्यात आठवड्याला दोन खेपा व्हायच्या. गाडी यायची ऐन दुपारी. गेल्या दोन वर्षांत माझ्या छातीत कळ यायला लागली. स्टेशनाच्या चढावर उतरून बैलाबरोबर चालायची वेळ आली की दम लागायचा. तिचं म्हणणं एकच होतं, एक खेप बंद करा. माझं म्हणणं होतं, बर्फ चार दिवसांवर टिकत नाही, तर एका खेपेत आठवडा कसा निघणार? ती म्हणायची टिकतो, तुम्हाला ठेवता येत नाही.

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिचं माहेर वैशाखऱ्याचं. लहानपणी तिकडे एकदा गारा पडल्या. बाकीच्या पोरांनी खाल्ल्या. हिने टोपलीभर गोळा करून तुसाच्या कणगीत पुरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी काढून दाखवल्या तेव्हा तिच्या बापाला वाटलं, पोरीला काहीतरी बाधलं. बर्फ नावाचा माल असतो हेही तेव्हा तिच्या गावात कुणाला माहीत नव्हतं.

मी मात्र धंद्यात असून गाढवपणा केला. लढाईच्या दिवसांत एकदा तूस मिळेना. गिरणी बंद होती. मी स्टेशनावरून इंजिनाची राख पाटीभर आणली आणि लादीवर भुरभुरली. म्हटलं, झाकण ते झाकण. संध्याकाळी बघतो तर लादीला चाळणीसारखी भोकं. देवीचे वण असतात तशी. नुसत्या उघड्या लादीपेक्षा लवकर गेली.

"गोधडी जाड असली तर गोधडी," ती म्हणाली. "काळं फडकं अंगावर टाकून उन्हात बसा नि सांगा मला, गार वाटतं काय!"

नंतर आठवडाभर जो येईल त्याला हे सांगत सुटली. मुरबाडच्या बाजारातही लोक मला विचारायला लागले, "काय काका, आज राख आणली नाय?"

मास्तर आमच्याकडे रोज यायला लागले ते या गोष्टीमुळेच. शाळेत नवे आलेले, एकटे, तिशीच्या आत. संध्याकाळी ओट्यावर बसून कोकमाचं सरबत प्यायचे. राखेची गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी बगलेत एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. कुणा मुंबईच्या नातेवाइकाचं होतं. वाचायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे.

"मावशी, काकांनी जे केलं ते तिकडे पृथ्वीच्या उत्तर टोकाला आपोआप होतं. बर्फावर वाऱ्याने बारीक काळी धूळ बसते आणि तिथं अशीच भोकं पडतात."

"ऐकलं काय?" ती मला म्हणाली. "तुमच्यावाणी शाणा वारा तिकडं पण हाय."

मास्तरांनी चित्र दाखवलं. नुसता पांढरा डोंगर. म्हणाले, तिकडे मुलखाचे मुलूख बर्फाखाली आहेत, आपला माहुलीचा डोंगर बुडून जाईल एवढा जाड बर्फ. मी मान हलवली. पण पुढे म्हणाले की तो बर्फ एका जागी नसतो, वाहतो, तेव्हा मला हसू आलं.

"पाणी झाल्यावर वाहणारच की मास्तर."

"तसं नाही काका. दगडासारखा टणक असतानाच वाहतो. स्वतःच्या वजनाने. वरच्या अंगाला नवा पडतो, साठतो, दाबला जातो आणि दरीतून हळूहळू खाली उतरतो."

मी बायकोकडे बघून हसलो. ती हसली नाही. आत गेली आणि पाटासकट गुळाची ढेप घेऊन आली. मागच्या पावसाळ्यात ती ढेप पसरून पाटाच्या कडेवरून खाली लोंबली होती, तशीच वाळली होती.

"हिला कुणी ढकललं होतं?" तिने मला विचारलं.

मास्तर एवढे खूश झाले की त्यांनी ढेपेचा तुकडा मोडून खाल्ला.

मग तिला सगळंच विचारायचं होतं. रोज संध्याकाळी चूल लवकर आटपायची. मला वाटायचं, हजारो कोसांवरच्या बर्फाशी हिला काय करायचंय? पण मीही बसायचो. कामाहून येऊन तिला असं बोलताना ऐकायला बरं वाटायचं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला भाजीचं विचारलं, बैलाचं विचारलं, एवढी बुद्धी कुठे ठेवलीस ते कधी विचारलं नाही.

"म्हणजे कणगीसारखंच," ती म्हणाली. "वरून भात घालायचं, खालच्या भोकातून काढायचं. घालणं काढणं सारखं तर कणगी हाय तेवढीच."

"अगदी बरोबर. वरून घालतो हिवाळा, खालून काढतो उन्हाळा."

"मग बिघडलं कुठं?"

मास्तर पानं उलटत म्हणाले, "गेली काही वर्षं तिकडची हवा गरम झाली आहे. उन्हाळा लांबतो. काढणं वाढलं, घालणं तेवढं होत नाही. बर्फाची टोकं दरीतून मागे हटली आहेत. जिथं बर्फ होता तिथं उघडे धोंडे दिसतात."

"बर्फ मागे कसा जाईल?" मी म्हटलं. "चढ चढतो काय?"

"चढत नाही काका. तो खालीच येत असतो. पण टोकाशी येतो किती आणि वितळतो किती? वितळणं जास्त झालं की टोक मागे गेलेलं दिसतं."

हे मला पटलं. ती म्हणाली, "धाकटे आधी जात असतील."

मास्तरांनी वाचून बघितलं. तसंच होतं. लहान बर्फाला हवा बदललेली लवकर कळते, मोठ्याला उशिरा. मोठा बर्फ आज मागे हटतो तो कधीकधी फार पूर्वीच्या उष्म्याने.

"माझ्या खड्ड्यात तेच होतं," ती म्हणाली. "ढगाळ दिवशी जास्त जातो. यांना वाटतं ढगानं गेला. कालचं ऊन तुसातून आज पोचतं."

काठीचंही मास्तरांनीच सांगितलं. तिकडचे लोक बर्फात काठ्या ठोकून ठेवतात. बर्फ झिजला की काठी उघडी पडते, मग किती उघडी पडली ते मोजतात. त्यांची काठी वर निघते, आमची खाली जाते, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ही बांबू चिरत बसली होती.

त्याआधी आम्ही बर्फ किती उरला ते बघायला दिवसातून दोनदा खड्डा उघडायचो. बघण्यातच निम्मा घालवला असेल इतकी वर्षं.

एकदा तिने मास्तरांना विचारलं, "तो सगळा बर्फ संपंल काय?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही, मावशी. कुणालाच ठाऊक नाही. हवा पुन्हा गार झाली तर भरेलही."

"मग मोजत राहायला पायजे," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

पैज गेल्या वैशाखात लागली. तिने सांगितलं तसा खड्डा केला. तळाला दगड रचले आणि एका अंगाला उतार दिला, कारण स्वतःच्या पाण्यात उभा राहिलेला बर्फ सगळ्यात लवकर जातो. दोन लाद्या मी वेगवेगळ्या ठेवायचो, काढायला सोप्या पडतात म्हणून. तिने त्या एकमेकींना चिकटवून ठेवायला लावल्या. तूस उन्हात वाळवून कोरडं करून भरलं. आठ दिवस टिकला तर एक खेप बंद. नाही टिकला तर तिने पुन्हा तो विषय काढायचा नाही. मास्तर पंच.

पाचवी खाच पाडली त्या दिवशी दुपारी ती अंगणात ओलं तूस पसरत होती, मागच्या लाद्यांचं. आत येऊन म्हणाली, डोळ्यांपुढे अंधारी येते. ओटीवर आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलेलं. मी पळत खड्ड्याकडे गेलो, पेंढा बाजूला केला, गोणपाटाला हात घातला. ओटीवरून मागच्या उघड्या दारातून तिला दिसत होतं.

"उघडू नका," ती ओरडली. आवाज चांगला खणखणीत होता. "अजून तीन दिवस हायत. पाणी आणा विहिरीचं."

मी पेंढा परत लावला आणि विहिरीवर गेलो. घागर घेऊन आलो तोवर ती गेली होती.

कपाळावर बर्फ ठेवला असता तर ती जगली असती असं मला वाटत नाही. वैद्यही नाही म्हणाला. पण दोन लाद्या दाराशी असताना मी विहिरीचं पाणी आणायला गेलो, हे काही मनातून जात नाही. मास्तर म्हणतात, तिने सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. मी म्हणतो, जन्मात पहिल्यांदा ऐकलं, ते नेमकं तेव्हा.

आधी जायची पाळी माझी होती, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. छाती माझी दुखायची.

आठव्या दिवशी मास्तरांच्या समोर खड्डा उघडला. दोन लाद्यांचा जुळून एकच दगड झाला होता, निम्म्याहून चांगला मोठा. आता आठवड्याला एकच खेप करतो. बाकीचे दिवस ओट्यावर बसतो, बैल चारतो, तूस वाळवतो. छाती फार दुखत नाही. दिवस बरे जातात, खोटं कशाला सांगू. मास्तर अजून येतात. पुस्तक परत मुंबईला गेलं, पण त्यांना बरंच पाठ आहे.

पण मला सांगायचं होतं ते ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. तिला संध्याकाळी पोचवून आलो होतो. घर माणसांनी भरलेलं. चूल बंद, शेजारणीने भाकऱ्या आणलेल्या. मी उठलो, विळा घेतला आणि मागच्या दाराने निघालो.

"काका, आज तरी राहू द्या वो," शेजारीण म्हणाली. "सुतक हाय घरात."

"बर्फाला सुतक नाय," मी म्हटलं.

दांडा धरायला कुणी नव्हतं. मी तो गुडघ्याखाली दाबला, एका हाताने कामटी सरळ धरली आणि दुसऱ्याने खाच पाडली. जरा तिरकी पडली. बोटाने मोजून बघितलं. बोटभरच. दांडा नीट बसवला, वरचा पेंढा सारखा केला आणि बैलाला पाणी दाखवायला गेलो.