बिनमालकाचा पाट

माझ्या व्याह्यांनी मला फसवले. जमिनीत नाही, देण्याघेण्यात नाही; त्यांनी माझी सत्ता पळवली, आणि तीही जगात सत्ता कुणाचीच नको असे म्हणत म्हणत. इतका गरीब दिसणारा दरोडेखोर साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नसेल.

तरुणपणी ते मुंबईच्या एका छापखान्यात खिळे जुळवीत. कुणाची कसली पत्रके जुळवली कोण जाणे, पण सरकार नसले तर माणसे एकमेकांना फाडून खातील ही गोष्ट साफ खोटी, एवढे ठरवूनच ते गावी परतले. गोऱ्यांचे राज्य जायला हवे असे कुणी म्हटले की हे मान डोलवीत आणि हळूच विचारीत, "पण त्या खुर्चीत दुसरा बसवायची घाई कशाला?" घराला कुलूप नाही, बैलाला चाबूक नाही. एकदा त्यांच्या गाडीतून राजापूरच्या बाजाराला निघालो, तर वाटेत बैल जांभळीखाली उभा राहिला. "थांबा व्याहीबुवा, त्याचं मन होऊ द्या," म्हणाले. त्याचे मन झाले तेव्हा बाजार उठला होता. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात मी घसा बसेपर्यंत घासाघीस करी. हे टोपलीपुढे नुसते उकिडवे बसत आणि कोळीण त्यांना निवडून मोठे बांगडे देई. माझी मुलगीही त्यांचीच झाली. माहेरी आली की "मामंजी म्हणतात" याखेरीज बोलणे नाही.

"आणि बाप काय म्हणतो?" मी एकदा विचारले.

"तुम्ही म्हणत नाही, बाबा. ओरडता."

पण खरे वैर पाटाचे. व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी पाटाने आमच्या पोफळीच्या वाड्यांना पाळीपाळीने मिळे. भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची; ती बुडाली की एकाची पाळी संपली. हे बघणारा म्हातारा वारला. दुसऱ्यांच्या वाड्या शिंपून मी वर आलेला. त्या मानावर माझा डोळा होता. बैठकीत व्याही म्हणाले, "माणूस कशाला हवा? वाटी बुडालेली सगळ्यांना दिसते." त्यांची वाडी सर्वांत वर, माझी सर्वांत खाली. "वैशाखात डोकी फुटतील," मी बजावले. लोकांनी त्यांचे ऐकले.

वैशाखात पाणी आटले. व्याह्यांनी आपली पाळी आपणहून शेवटी नेली आणि डोकी शाबूत राहिली. मला राहवेना. भर दुपारी सारे आडवे झाले असताना मी त्यांचा बांध फोडून पाणी माझ्या वाडीत घेतले. मागे वळतो तर हे पोफळीला टेकून उभे. मी धोतर खोचले.

"भिजली का वाडी?" त्यांनी विचारले. "मग बांध तेवढा घाला. माझी कंबर धरली आहे."

पुढे कुणाजवळ एक अक्षर बोलले नाहीत. हा अपमान मी अजून गिळतो आहे.

यंदा माघात ते गेले. दिवसकार्य उरकल्यावर मंडळी माझ्याकडे आली. "भाऊ, तुमची हौस होती ना? आता पाटाचं तुम्हीच बघा."

मी पागोटे घालून, तांब्याची वाटी घेऊन निघालो. भांडण शोधत वरपासून खालपर्यंत चाललो. कुणी कुणाचे पाणी तोडले नव्हते. खाली माझ्याच वाडीत पाणी खळखळत होते आणि मुलगी बांधावर उभी होती.

"माझी पाळी उद्या," मी म्हणालो. "आज कुणाची?"

"मामंजींची. सांगून गेलेत, यंदा आपलं पहिलं पाणी बाबांना द्यायचं."

वाटी माझ्या हातातच राहिली. इतक्या वर्षांनी सत्ता दिलीत, व्याहीबुवा, आणि हुकूम करायला काही ठेवले नाहीत. याचा जाब द्यायला तरी तुम्ही असायला हवे होते.