आधी फोटो, मग चीन

शिक्षकांच्या चीन अभ्यासदौऱ्यासाठी माझी निवड झाली तेव्हा मी एकाच गोष्टीसाठी हो म्हटलं. चाकणच्या शाळेत मी वीस वर्षं इतिहास शिकवतेय, आणि दरवर्षी त्या चिनी भिक्षूचा धडा घेते, जो पायी भारतात आला आणि पोथ्या घेऊन परत गेला. त्या पोथ्या ठेवायला बांधलेला विटांचा मनोरा शिआन शहरात अजून उभा आहे. मला त्यात चढून जायचं होतं. बाकी भिंत, राजवाडा, मातीचे सैनिक, सगळं छानच होतं.

मनोऱ्याची पाळी शेवटच्या दिवशी आली. दुपारी बस दारात थांबली आणि आमच्या पथकप्रमुखांच्या लक्षात आलं, की फोटोसाठी आणलेला संस्थेचा बॅनर हॉटेलातच राहिला. पथकप्रमुख म्हणजे आमच्याच शाळेचे मुख्याध्यापक. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या पिशवीत, आणि पासपोर्टाशिवाय तिकीट नाही.

"बस माघारी धाडतो," ते म्हणाले.

"सर, आधी आत जाऊन येऊ. फोटो नंतर काढू."

"नंतर उजेड ऱ्हातोय व्हय? आन् बॅनर न्हाई तर आपण चीनला आलो व्हतो हे गावात कुणाला पटंल, बाई?"

चाकणपासून दापोडीपर्यंत एक चौक फ्लेक्सशिवाय राहिलेला नाही, हे मान्य. पण ही साथ चीनपर्यंत न्यायची? बस गर्दीत गेली ती दीड तासानं आली. मग बॅनर उघडला. पहिल्या फोटोत बॅनरवरच्या अध्यक्षांच्या चेहऱ्यावर घडी पडली म्हणून दुसरा. मग उंच लोकांनी मागे जायचं. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. आमची गाइड, हिंदी शिकलेली चिनी मुलगी, सारखी घड्याळ दाखवत होती. माझा नुसता संताप होत होता, आणि फोटोत मात्र मी दात काढून उभी आहे.

आम्ही तिकिटाच्या खिडकीशी पोचलो तेव्हा वेळ संपली होती. गाइडनं विनवण्या केल्या. आतल्या बाईनं पडदा ओढून घेतला.

"व्हतंय आसं," सर म्हणाले. "भायेरनं तर दिसला की."

शाळा सुरू झाल्यावर तो धडा आला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, त्या पोथ्या अजून आत आहेत का?"

"माहीत नाही."

"मग तुम्ही तिथं काय केलंत?" तिनं कुचेष्टेनं नाही, खरंच विचारलं.

"दारात उभी होते," मी म्हणाले, आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.