दोन पट्टे, एकच क्रमांक

श्री. वासुदेव गावस यांना मी प्रथम पाहिले ते साखळीजवळच्या आमच्या खनिज प्लँटच्या कॅन्टीनमध्ये. गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती आणि पातळभाजी-पावावर कोकणी-मराठीचा वाद रोज तापत असे. सगळे एकदम बोलत. गावससाहेब चहा संपवून म्हणाले, "दोघे एकदम उलयले तर तिसऱ्याक कितें कळतलें? एकेकट्यान उलयात." मी स्टोअरात नवा कारकून, मला वाटले, हे कुठल्यातरी सभेचे अध्यक्ष असावेत. ते कंट्रोल विभागाचे इंजिनिअर निघाले.

त्या विभागाचे काम सांगायला सोपे. कंट्रोल रूममधून एकच तार खनिज वाहणाऱ्या सगळ्या पट्ट्यांच्या पेट्यांपर्यंत गेलेली. प्रत्येक पेटीला आपला क्रमांक. जिचा पुकारा होईल तिने ओ द्यायची, बाकीच्यांनी गप्प बसायचे. ही शिस्त कॅन्टीनला कधीच जमली नाही.

एका दसऱ्यानंतर ती पेट्यांनाही जमेना. बेळगावकडचे ऑपरेटर शिवाप्पा यांनी दुसरा पट्टा चालू केला आणि चौथाही सुरू झाला. चौथ्यावर काम करणारा माणूस नुकताच खाली उतरला होता, म्हणून निभावले. मॅनेजरांनी तपासाआधीच निकाल दिला: शिवाप्पांनी चुकीचे बटण दाबले, त्यांना घरी पाठवा.

"मी दोन नंबरच दाबलो बघा, साहेब," शिवाप्पा एवढेच म्हणत राहिले.

"गावसबाब, तुम्ही फक्त हो म्हणा," मॅनेजर म्हणाले.

"पयलीं पळयतां. मागीर हो वा ना." गावससाहेब आधी स्वतः पाहणार होते.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सगळी तार बदलायचा सल्ला दिला. तार पाहण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत. गावससाहेबांनी सगळ्या पेट्या तारेवरून सोडवल्या आणि एकेक जोडून पुकारत गेले. खनिज नेणारी बार्ज धक्क्याला खोळंबली आहे, हे सांगायला मॅनेजर पुनःपुन्हा येत होते.

"बार्ज फाल्यां भरतली," गावससाहेबांनी मान वर न करता उद्याचा वायदा केला. "माणूस काडलो की परतो येना."

पहिल्या तीन पेट्या शहाण्यासारख्या बोलल्या. चौथी जोडताच दुसरी बरळू लागली. त्यांनी चौथीचे दार उघडले. आत झेंडूच्या पाकळ्या, कुंकवाचे बोट, आणि क्रमांक ठरवणारी बारीक बटणे हुबेहूब समोरच्या दुसऱ्या पेटीसारखी. आयुधपूजेला पेट्या पुसताना कुणीतरी भक्तिभावाने दोघींची बटणे समयांच्या जोडीसारखी एकसारखी करून ठेवली होती. आता दोघींचा क्रमांक एकच. एकीला हाक मारली की दोघी धावत.

"कोणी केले हे?" मॅनेजरांना लगेच दुसरे नाव हवे होते.

"पेट्यो उघडून पुसात, हें हांवें सांगिल्लें. म्हजें नांव बरयात. आनी शिवाप्पाक कामार घेयात."

ठपका गावससाहेबांच्या नावावर लिहिला गेला आणि शिवाप्पा कामावर आले. गावससाहेबांची त्या वर्षीची बढती अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाली. गावससाहेबांनी तिची चौकशीही केली नाही. त्यांनी फक्त प्रत्येक पेटीच्या दाराआतून तिच्या बटणांचे चित्र रंगवून घेतले, आणि पुढच्या दसऱ्यापासून कुंकू बंद दाराला लागू लागले.

शिवाप्पा त्याच कंट्रोल रूममधून निवृत्त झाले, आणि गावससाहेबांच्या पंच्याहत्तरीच्या या समारंभासाठी बेळगावहून कुंदा घेऊन आले आहेत. गावससाहेब आता नार्व्याला सुपारीचे कुळागर पाहतात. तरी कुठला प्लँट अडला की फोन त्यांनाच जातो, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पूजा केन्ना केल्ली?"

पंच्याहत्तरी गाठलेल्या गावससाहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपल्यापैकी कुणावर उद्या ठपका आलाच, तर सगळ्यांनी हो म्हणण्याआधी "पयलीं पळयतां" म्हणणारा एक माणूस नार्व्याला असावा, एवढा स्वार्थ या शुभेच्छेत आहेच.