छान म्हणायला बंदी

आमच्या चित्रकलेच्या बाईंइतकं सावकाश बघणारं माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरं नसेल. आपण नजर फिरवतो आणि मोकळे होतो. बाई एकदा बघायला लागल्या की सोबतच्या माणसाने घरी फोन करून 'जेवायला थांबू नका' म्हणून सांगावं. शाळेत त्यांनी मला तीन वर्षं शिकवलं आणि पुढे मी त्यांच्याच कॉलनीत राहायला गेलो, त्यामुळे पन्नाशी आली तरी माझं शिक्षण चालूच आहे.

बाईंच्या राज्यात कायदा एकच: चित्रासमोर उभं राहून 'छान' म्हणायचं नाही. "छान म्हटलं की बघणं संपलं," असं त्यांचं ठाम मत. म्हणणाऱ्याला दंड म्हणून तिथंच आणखी पाच मिनिटं उभं राहावं लागे. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब मुलांच्या चित्रांसमोरून "छान, छान" करत निघाले, तर बाईंनी त्यांना चक्क दहा मिनिटं उभं केलं, कारण ते दोनदा म्हणाले होते. मुख्याध्यापकांना घाम फुटला. साहेब मात्र जाताना एका निळ्या बैलाची चौकशी करून गेले. माझ्या लग्नात बाईंनी विचारलं, "कशी वाटली रे बायको?" माझ्या तोंडून नको तो शब्द गेला आणि भर मांडवात, वऱ्हाडी जेवायचे थांबलेले असताना, मला पाच मिनिटं बायकोकडे बघत राहावं लागलं. संसार टिकला त्याचं थोडं श्रेय त्या दंडाला द्यायला हवं.

पंचवटीच्या बाजारात त्या वांगी हातात घेऊन उजेडात फिरवत बसायच्या. भाजीवाला एकदा वैतागला, "बाई, घ्यायची हायेत का नुसती बघायची? लय टाइम झाला." बाई म्हणाल्या, "अरे, जांभळा देठापाशी कसा हिरवा होत जातो, बघितलंस कधी?" बिचाऱ्याने बघितलं. गिऱ्हाईक खोळंबलं आणि हे दोघं वांग्यात डोकं घालून बसले.

निवृत्तीनंतर त्यांनी कॉलनीतल्या विहारात दर रविवारी कलेच्या इतिहासाचा वर्ग सुरू केला. जुन्या कॅलेंडरांतून कापलेली जगभरची चित्रं त्या आधी उलटी टांगत, म्हणजे कोण आहे हे ओळखण्याआधी रंग दिसावेत. धुणीभांडी उरकून आलेल्या बायका, रिटायर कंडक्टर, मी, सगळे माना वाकड्या करून बसायचो. कंडक्टर एकदा म्हणाले, "बाई, हा मानूस उभा हाय, पण निघायच्या बेतात हाय. टाच उचललीय." बाईंनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पांडवलेण्यांबद्दल बोलताना तर त्यांचा आवाजच बदलायचा. "कुणी खोदवलं ते पुस्तकात मिळेल," म्हणायच्या, "छिन्नी कुठे थांबली ते जाऊनच बघावं लागतं."

अशा बाईंना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऐकून मलाच रडू आलं. बाई एवढंच म्हणाल्या, "थोडं दिसतंय तोवर एकदा लेण्यांवर ने मला." मी हो म्हटलं. मग घरी पाहुणे आले, मग ऑफिसात मार्चएण्ड आला, मग ऊन फार होतं. पावसाळा संपल्यावर एका सकाळी त्यांना घेऊन निघालो तेव्हा बाईंना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. या गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या एकेक पायरी चढल्या. तिसऱ्या लेण्यासमोर बसवल्यावर म्हणाल्या, "सांग."

"खाली सहा यक्ष आहेत, सगळं लेणं खांद्यावर..."

"ते मला पाठ आहे. दिसतंय ते सांग."

मग मी बघायला लागलो. एकाचे ओठ मिटलेत, पण ओझ्याने नाही, हसू दाबल्यासारखे. शेजारच्याचं नाक झिजलंय. खांद्यावर ऊन आलंय, हनुवटीखाली सावली आहे. एका जागी छिन्नीचे घाव तसेच राहिलेत, जणू कुणी जेवायला म्हणून उठलं ते आलंच नाही. शाळेच्या सहलीपासून मी कितीदा इथे आलो असेन, पण हे मला कधीच दिसलं नव्हतं. मी अर्धा तास बोलत होतो. बाई मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या.

मी थांबलो तशा त्या हळूच म्हणाल्या, "छान."

मी म्हटलं, "बाई, दंड."

त्या हसल्या. पदराने डोळे टिपले आणि मांडी घालून नीट बसल्या. "कायदा म्हणजे कायदा. आणखी पाच मिनिटं. बघत राहा तू."

त्या पाच मिनिटांत यक्षाच्या खांद्यावरचं ऊन छातीवर उतरलं. मी ते त्यांना सांगितलं.