श्रावणातल्या सोमवारचा ताप

धुळ्याच्या ज्या कॉलेजातून मी एमबीए केलं, त्यांनी यंदा मला मुलांपुढे बोलायला बोलावलं. विषय होता, एचआर घेऊन एमबीए केल्याचे फायदे. बोलले की! केबिन मिळते, भरतीपासून पगारापर्यंत सगळं आपल्या हाताखालून जातं, पुण्या-मुंबईला न जाता जळगावातच चांगलं करिअर होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. धीरच झाला नाही. ती इथे लिहिते.

तेव्हा मी जळगावच्या एमआयडीसीत, पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत लागून आठ महिने झाले होते. वर्षभर प्रोबेशन. वर्ष सरलं की कायम, नाहीतर सामान उचला. धरणगाव तालुक्यातल्या आमच्या गावात केबिनमध्ये बसणारी मी पहिलीच मुलगी. वडिलांना, म्हणजे आबांना, तर आकाश ठेंगणं झालं होतं. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला धरून सांगायचे, "मन्ही पोर कंपनीमा साहेब शे." आणि भाऊबंदांना वाटायचं, एचआर म्हणजे गेटची किल्ली. जो तो म्हणे, "मन्हा पोऱ्याले लाई दे ना माय." ही नोकरी गेली असती तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

आता कानबाईबद्दल सांगायला हवं. श्रावणातल्या एका रविवारी आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर तिचं विसर्जन होतं. तिच्या नैवेद्याचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. सुरतेला असो की पुण्याला, माणूस त्या दिवशी घरी येतोच. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीला तो रोट चालत नाही. त्यामुळे आई दरवर्षी म्हणायची, "खाई ले, आखो किती साल खाशी?"

पण कंपनीच्या सुट्ट्यांची यादी यायची बाहेरगावच्या मुख्य ऑफिसातून. तिथल्यांना कानबाई काय माहीत? मग आमच्याकडे एक वहिवाटच पडली होती. त्या सोमवारसाठी रजेच्या फॉर्मवर सगळे लिहायचे, ताप. सुपरवायझर गालातल्या गालात हसून सही करायचा. त्या वर्षी माझ्या टेबलावर असे अकरा ताप आले. बारावा फॉर्म माझाच होता. मीही लिहिलं, ताप. काही वाटलंही नाही, खोटं कशाला बोलू.

तेराव्या फॉर्मवर मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, कानबाई.

तो मशिनवरच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरचा होता. पन्नाशीचा माणूस, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. यादीत नाही म्हणून त्यांची रजा नामंजूर झाली. तरी ते गेले. सोमवारी मशिनवर नवखा माणूस उभा केला, त्याला तापमान सांभाळता आलं नाही, आतला माल जळून चिकटला आणि मशिन दोन दिवस बंद पडलं. फॅक्टरी मॅनेजर खवळले. वर कोणीतरी त्यांचे कान भरले, की भाऊ कानबाईला गेलेच नाहीत, शेजारच्या कंपनीत नोकरीसाठी मशिन चालवून दाखवायला गेले होते. म्हणजे रजा नामंजूर असताना गैरहजर, आणि वर दगाबाजी. नोकरी जाणार हे ठरल्यातच जमा. भाऊंचं वय पाहता दुसरीकडे कोण घेणार होतं त्यांना?

आरोपपत्र मीच टाइप केलं. अहो, मला राग कोणाचा येत होता माहीत आहे? भाऊंचा! अरे बाबा, ताप लिहायचा होता ना! सगळ्यांनी लिहिला, तुलाच काय झालं होतं?

कारण भाऊ कुठे होते ते मला पक्कं माहीत होतं. त्या सकाळी नदीवर आईच्या डोक्यावर कानबाईचा चौरंग होता आणि मी आईचा कोपर धरून पाण्याकडे चालले होते. भाऊंचं गाव शेजारचंच, नदी तीच; समोरून त्यांच्या घरची कानबाई आली. भाऊंच्या कपाळाला गुलाल होता. त्यांनी आमच्या कानबाईला हात जोडले, मग त्यांची नजर माझ्यावर पडली. बाजूला सरून त्यांनी आम्हाला वाट दिली.

चौकशी आठवड्याने झाली. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं मीच रजिस्टरमध्ये लिहायची. भाऊ धुतलेला शर्ट घालून आले होते, वरचं बटणही लावलेलं. मी वर बघतच नव्हते. वाटत होतं, आता बोलतील, आता बोलतील.

"सोमवारी कुठे होता?"

"नदीवर. कानबाईना विसर्जनले."

"फॉर्मवर दुसरं काही कारण का लिहिलं नाही?" हा प्रश्न कागदावर नव्हता. माझ्या तोंडून निसटला.

भाऊ शांतपणे म्हणाले, "कानबाईले जावानं आन् खोटं लिखीसन जावानं? ते मन्हाकडथून व्हनार नई, ताई."

कानशिलं तापली माझी. साहेब टेबलावर पेन आपटत म्हणाले, "गोष्टी नकोत. घरचे लोक तुमच्याच बाजूने बोलणार. नदीवर तुम्हाला पाहिलेलं कंपनीतलं कोणी आहे? एक नाव सांगा, मी दगाबाजीचा आरोप आत्ता काढतो."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. मग ते साहेबांकडे वळले.

"नई साहेब. कोनी नई."

साहेब मला म्हणाले, "लिहा."

खोटं लिहून कानबाईला जाणं ज्या माणसाला जमलं नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला होता. तेही स्वतःची नोकरी पणाला लावून. मी लिहायला लागले. 'साक्षीदार' इथवर आले आणि पेन थांबलं. एमबीएच्या दुसऱ्या वर्षी पेपरात प्रश्न आला होता, नैसर्गिक न्यायाची तत्त्वं लिहा. स्वतःचा संबंध असलेल्या प्रकरणात माणसाने चौकशीला बसू नये, हे मी उदाहरणासकट लिहून आले होते. पैकीच्या पैकी मार्क पडले होते मला! डोळ्यांपुढे आबा आले, एसटी स्टँडवर कोणाला तरी थांबवून बोलणारे. देवा, हे पेन खाली ठेवलं तर आठ महिने पाण्यात. आणि नाही ठेवलं तर?

मी ठेवलं.

"साहेब, मी पाहिलंय त्यांना. मी नदीवर होते."

"तुम्ही? तुम्हाला तर ताप होता."

"नव्हता. खोटं लिहिलं होतं मी."

साहेबांनी रजिस्टर माझ्यासमोरून ओढून घेतलं आणि म्हणाले, "बाहेर थांबा. दोघंही."

तासभर आम्ही गेटजवळच्या बाकावर बसलो. भाऊ भडकले होते. "काय गरज व्हती ताई? मी काय तुमनं नाव सांगं व्हतं?" मीही तडकून म्हणाले, "म्हणूनच!"

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. भाऊंवरचा दगाबाजीचा आरोप गेला, नामंजूर रजेबद्दल लेखी ताकीद मिळाली. मला खोट्या कारणाबद्दल ताकीद, आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. दोन्ही पत्रं मीच टाइप केली, एचआरचं कामच ते. घरी फोन करून सांगितलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "नोकरी शे ना? मंग रडस कशाले?" त्या महिन्यात ते एसटी स्टँडकडे फिरकले नाहीत, असं आईने मला पुढे कधीतरी सांगितलं.

भाऊंचं पत्र द्यायला मी मशिनवर गेले. त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, "तुमनं?" मी माझं दाखवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग मशिनच्या आवाजात मला ऐकू यावं म्हणून जवळ येऊन म्हणाले, "पुढला सालले फॉर्म भरशात तव्हय मले बलावज्यात. काय लिखतस ते मी दखसू."

पुढच्या श्रावणात मी त्यांना बोलावलं. माझ्या टेबलाशी उभं राहून त्यांनी माझा फॉर्म वाचला आणि त्याच्यावर आपला फॉर्म ठेवला.